साधनाच्या लॅपटॉपला ताप येतो

आमच्या घरी गेम मी खेळत नाही, माझी बायको खेळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ही हकीकत ऐकणारा प्रत्येक जण "या वयात बंदुकीचे गेम खेळता का मास्तर?" असं मला विचारतो आणि साधनाकडे कीव आल्यासारखा बघतो. साधना रिसोडजवळच्या एका खेड्यात चौथीच्या वर्गाला शिकवते. शाळेत तिचा आवाज चढलेला कोणी ऐकलेला नाही. घरी मात्र कानांवर हेडफोन चढवून ती लॅपटॉपसमोर बसली, की "रूपा, डावीकडून घे, गच्चीवर दोघं आहेत, एकालाही जित्तं सोडू नको," असं इतक्या शांतपणे बोलते, की मी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच चहा करून घेतो.

तिच्या संघाचं नाव 'ठेचा-भाकर'. त्यात शेलूबाजारला ब्यूटी पार्लर चालवणारी रूपा, मेडशीची चंदा आणि वाशीमची रीता. या चौघी एकमेकींना प्रत्यक्ष फार कमी भेटल्या आहेत, पण एकमेकींसाठी मरायला तयार असतात, आणि दिवसातून बऱ्याचदा मरतातही. यंदा त्या महिलांच्या राज्यस्तरीय स्पर्धेत थेट उपांत्य फेरीपर्यंत पोचल्या. सामना रविवारी, दुपारी बारा वाजता, आपापल्या घरून.

मे महिन्यात दुपारी बारा वाजता आमच्याकडे कुत्रीसुद्धा भुंकण्याचं काम संध्याकाळवर ढकलतात. अशा हवेत साधनाचा लॅपटॉप तापायचा. तापायचा म्हणजे किती, तर त्याच्या कडेच्या जाळीतून येणाऱ्या झोतावर समोरच्या ललिताबाईंनी एकदा गमतीने पापड धरला आणि तो चांगला भाजून निघाला. पापडापर्यंत ठीक होतं. पण एका सामन्यात ऐन रंगात लॅपटॉप स्वतःहून बंद पडला, साधना मैदानात पुतळ्यासारखी उभी राहिली आणि कोणीतरी तिला निवांत नेम धरून मारलं. चंदाचा फोन आला, "ताई, तुमच्या लॅपटॉपले लू लागली. कांदा ठेवा त्याच्या खिशात."

साधना हसली नाही. रविवारी पुन्हा असं झालं तर संघ बाहेर, आणि चौघींची वर्षभराची मेहनत पाण्यात.

मी म्हणालो, "मी आहे ना."

मी आठवीला विज्ञान शिकवतो. उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन शब्द मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिले आहेत, की उष्णता माझ्या शब्दाबाहेर जाणार नाही असा माझा समज झाला होता. अभ्यास न करता हात वर करणाऱ्या मुलाकडे साधना जशी बघते, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पहिले कंपनीले फोन करा."

फोन केला. पलीकडच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात आमच्या भागातलं तापमान विचारलं. मी चव्वेचाळीस सांगितलं.

"सर, माहितीपुस्तिकेप्रमाणे हे उपकरण पस्तीस अंशांपर्यंतच वापरायचं आहे."

"मग आम्ही मे महिन्यात काय करायचं?"

ती थोडा वेळ टाइप करत राहिली. "सर, आपली तक्रार नोंदवते. 'ग्राहकाच्या गावी ऊन आहे', असं लिहू का?"

मी हो म्हणालो. तक्रार खोटी नव्हती.

त्यानंतर मी स्क्रूड्रायव्हर काढला. आत इतकी धूळ होती, की थोडं पाणी शिंपडलं असतं तर तूर उगवली असती. ती झाडली. इंटरनेटवर वाचलं, की चिप आणि पंख्याची पट्टी यांच्यामध्ये एक खास लेप असतो, तो वाळला की उष्णता वाहत नाही. असा लेप रिसोडात मिळेना. त्याच इंटरनेटवर कोणा परोपकारी माणसाने लिहिलं होतं, की अडीनडीला टूथपेस्ट चालते. आमच्या घरी लवंगेची होती. ती लावली, झाकण बसवलं. तीन स्क्रू उरले, ते कंपनीने जास्तीचे दिले असावेत असं समजून मी वाटीत ठेवले.

संध्याकाळभर लॅपटॉप थंड राहिला आणि घरभर दातांच्या दवाखान्यासारखा वास सुटला. मी दोन वेळा सहज म्हणाल्यासारखं "अभिसरण" म्हणालो. सकाळी टूथपेस्ट वाळून पोपडे झाले आणि लॅपटॉप पूर्वीपेक्षा जास्त तापायला लागला.

इथवर प्रकरण घरातलं होतं. पण ललिताबाई दारातून सगळं बघत होत्या, आणि ललिताबाईंनी बघितलं म्हणजे गल्लीने बघितलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, ओलं पोतं गुंडाळा. आमच्या माठाले गुंडाळतो तसं." दुसरं कोणी म्हणालं, फ्रिजमध्ये ठेवा, दोडक्यांच्या खाली. शेजारचे गोविंदसिंग, धान्याचे अडते, रोज संध्याकाळी येऊन लॅपटॉपवर तळवा ठेवायचे आणि नाडी बघितल्यासारखी मान हलवायचे.

मी कूलरचा मार्ग धरला. मोठ्या खोक्याचा पुठ्ठा वळवून मी कूलरच्या तोंडापासून लॅपटॉपच्या पोटापर्यंत बोगदा तयार केला. थंड हवा बरोबर जागी जात होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. फक्त कूलरच्या हवेत पाणी असतं, ही आठवीच्या पुस्तकातलीच गोष्ट मी क्षणभर विसरलो. 'ट'चं बटण आतून दबून राहिलं. सरावाच्या सामन्यात साधनाकडून तिच्या संघाला 'टटटटटटट' असा अखंड संदेश जायला लागला. रीताने तो गोळीबाराचा हुकूम समजून समोर दिसेल त्याला मारलं. समोर चंदा होती.

"ताईले विचारा, माझं काय चुकलं," असं चंदा फोनवर मला म्हणाली. मी बोगदा गुपचूप मोडला.

शुक्रवारी गोविंदसिंगांनी बाजारातून खळ्यावरचा पंखा आणला. सोयाबीन उफणायचा, पुरुषभर उंचीचा, हत्तीच्या कानाएवढ्या पात्यांचा. "मास्तर, तुमच्या खेळण्याच्या पंख्यानं काय होते? हवा अशी पाह्यजे, की लॅपटॉपनं म्हनलं पाह्यजे, बस करा बाप्पा." आम्ही दोघांनी तो बैठकीत आणला. मी लॅपटॉप दोन्ही हातांनी घट्ट धरला. गोविंदसिंगांनी बटण दाबलं.

कॅलेंडर आधी गेलं. मग पडदे, मग वर्तमानपत्रांची रद्दी दारातून बाहेर उडाली. समोरच्या खाटेवर ललिताबाईंनी साडीवर वाळत टाकलेल्या कुरड्या साडीसकट उठल्या आणि गल्लीच्या टोकाकडे निघाल्या. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या खांबावर फटकन आवाज झाला आणि सगळ्या गल्लीचे कूलर एकदम गप्प झाले. इतकी शांतता आमच्या गल्लीत मी कधी ऐकली नव्हती. मग एकेका दारातून माणसं बाहेर आली आणि सगळी माझ्याकडे बघायला लागली. गोविंदसिंगही बाहेर जाऊन त्यांच्यातच उभे राहिले आणि माझ्याकडे बघायला लागले.

लाइनमन आला. त्याने पंख्याला एक फेरी मारली. "जोडणी घरगुती, अन् पंखा खळ्यावरचा. मी कागदावर काय लिहू?"

"शीतकरणाचा प्रयोग," मी म्हणालो.

त्याने 'घरात गिरणी चालू असल्याचा संशय' असं लिहिलं. गल्लीची वीज जोडली, आमची तोडली. वीज कार्यालयात साहेब म्हणाले, "गिरणी नसल्याचा दाखला आणा." दाखला देणाऱ्या दुसऱ्या कार्यालयातले साहेब म्हणाले, "जी गिरणी नाहीच, तिचा दाखला कसा द्यायचा? तुमी पहिले गिरणीची नोंद करा, मंग आमी ती बंद पडल्याचा दाखला देतो." मी पुन्हा पहिल्या साहेबांकडे आलो. सुदैवाने त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती आणि पास झाली होती. संध्याकाळी वीज आली. तेव्हा साधना म्हणाली, "परवा बारा वाजता मी त्या कूलरच्या टाकीत बसून खेळीन, पण तुमी काई करू नका."

रविवारी सकाळी गोविंदसिंग मागच्या दाराने आले. पंख्यामुळे त्यांना थोडं अपराधी वाटत असावं. "वहिनी, एक थंड जागा आहे. पन नाई म्हनू नका." ते आमच्या भागातल्या सेवा मंडळाचे सचिव आहेत. या मंडळाजवळ एक शीतपेटी आहे. घरात कोणी गेलं आणि मुलं-मुली लांब असली, की ती पोचेपर्यंत देह ठेवायला मंडळ ही पेटी घरी पाठवतं. वर काचेचं झाकण, खाली फ्रिजसारखं यंत्र. "आत हिवाळा राह्यते," गोविंदसिंग म्हणाले. "लॅपटॉप आत ठेवा, वायरा बाहेर काढा, अन् टीव्हीवर पाहून खेळा."

मी हादरलो. साधना विचार करत होती. घड्याळाकडे बघून ती म्हणाली, "कोणाले आज लागणार तर नाही ना पेटी?"

"आतापर्यंत तरी सारे जित्ते आहेत."

"लागली तर त्याच मिनिटाले परत."

गोविंदसिंगांनी मंडळाच्या गाडीवाल्याला, भाऊसिंगला, फोन लावला. लॅपटॉपसाठी म्हटलं असतं तर त्याने पेटी आणली नसती. म्हणून माझं नाव घेऊन ते फक्त एवढंच म्हणाले, "पेटी इंद्रभान मास्तराच्या घरी पाह्यजे. काई विचारू नको बाप्पा, घेऊन ये."

भाऊसिंग पेटी घेऊन आला तेव्हा मी मागच्या खोलीत वायर शोधत होतो. बैठकीत साधना हेडफोन लावून सराव करत बसली होती. पेटी ठेवून भाऊसिंगने हात जोडले आणि विचारलं, "वहिनी, मास्तर कुठं आहेत?"

हेडफोनमुळे धड ऐकू न आल्याने साधनाला वाटलं, तो लॅपटॉपचं विचारतोय. ती मान न वळवता म्हणाली, "टेबलावर आहे. आमीच ठेवतो आत, तुमी जा." भाऊसिंग डोळे पुसत बाहेर पडला, आणि मंडळाच्या रीतीप्रमाणे त्याने व्हॉट्सॲपच्या गटावर कळवलं, की पेटी इंद्रभान मास्तरांच्या घरी पोचली आहे. आमच्याकडे पेटी कुठे पोचली एवढं कळलं, की पुढचं लोक स्वतः समजून घेतात.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी लॅपटॉप पेटीत ठेवला, फटीतून वायरी काढून टीव्हीला जोडल्या, आणि काचेवर उजेड पडून साधनाला त्रास होऊ नये म्हणून वरून पांढरी चादर घातली. सामना सुरू झाला. टीव्हीच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा नव्वदीवरून घसरत घसरत पन्नासच्या खाली आला. आठवडाभरात पहिल्यांदा साधना माझ्याकडे बघून हसली. गोविंदसिंग जेवायला गेले, आणि मी विजयाचा उसाचा रस प्यायला नाक्यावर गेलो. रस थंड होता, दुसरा ग्लासही घेतला.

परत आलो तर आमच्या दारासमोर गर्दी. पांढरे सदरे, खांद्यावर उपरणी, सावलीला टेकलेल्या बायका. मी सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या एकाला विचारलं, "कोण गेलं?"

तो पुढेच बघत होता. "इंद्रभान मास्तर. सकाळीच गेले म्हनते."

माणसाला आपण गेल्यावर लोक काय बोलतील, याची उत्सुकता असते. मी खाली मान घालून जरा उभा राहिलो. ते चुकलंच.

"चांगला मानूस होता," एक जण म्हणाला. "कोनाच्या अध्यात ना मध्यात."

"हाव. पन हाताले गुन नोयता. आमचं मिक्सर दुरुस्त करून देल्लं, तवापासून उलटं फिरते."

"आमचं घड्याळ पाह्यलं यायनं. आता दुपारी चार वाजताच थांबते."

"परवाचा पंखा," तिसरा म्हणाला, आणि सगळ्यांनी उसासा सोडला. "त्याचाच शॉक लागला असंन."

मला फार लागलं. मिक्सरची मोटार मुळातच सदोष होती, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. मी वाट काढत दारापर्यंत गेलो. आत बायका भिंतीला लागून बसल्या होत्या. मध्ये पांढऱ्या चादरीखाली पेटी, आणि तिच्या शेजारी, दाराकडे पाठ करून, माझी बायको टीव्हीवर माणसं मारत होती. हेडफोनमुळे तिला कशाचाच पत्ता नव्हता. ललिताबाई आलेल्या प्रत्येकीला हलक्या आवाजात सांगत होत्या, "सदमा बसला तिले. डोळ्याले पानी नाई. खेळू द्या, मन मोकळं होऊ द्या." त्यांनी दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरीचा डबाही आणला होता.

कोपऱ्यात आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक रामराव सर उभे होते. तालुक्यातली बहुतेक श्रद्धांजलीची भाषणं तेच करतात. त्यांनी घसा साफ केला, कागद उघडला, मान वर केली, आणि समोर मी.

"नमस्कार सर," मी म्हणालो.

सर कागदाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. एक बाई किंचाळली. ललिताबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मी खराच आहे याची खात्री झाल्यावर त्या संतापल्या. "मास्तर, कुरड्या तर गेल्याच. आता पिठलंही गेलं." रामराव सर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "इंद्रभान, निदान कळवायचं तरी. मी रात्रीपासून... म्हणजे सकाळपासून लिहितोय." मी त्यांची माफी मागितली. कशाबद्दल, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

गर्दीबरोबर परत आलेल्या भाऊसिंगने पुढे होऊन चादर उचलली. आत लॅपटॉप, हिरव्या दिव्यासह, शांत पहुडलेला. "मंडळाची पेटी आहे मास्तर," तो इतकंच म्हणाला, आणि मी जमिनीत जायची जागा शोधू लागलो. एवढ्यात त्याचा फोन वाजला. तो ऐकत राहिला. त्याचा चेहरा बदलला.

"बादल गेले," तो म्हणाला. "मागच्या गल्लीतले. आत्ता. पोरगा सुरतेहून निघाला, सकाळपर्यंत येईन. पेटी पाह्यजे."

बादल म्हणजे गल्ल्यांमधला सर्वांत भांडखोर म्हातारा. नळावरून, गटारावरून, दारात सायकल लावण्यावरून त्याने प्रत्येकाशी वैर धरलेलं. त्याची बायको गोमतीबाई तेवढी सगळ्यांशी खालच्या आवाजात बोलायची.

मी साधनाच्या खांद्याला हात लावला. तिने एक हेडफोन बाजूला केला. मागे वळून खोलीभर माणसं बघितली, मला बघितलं, भाऊसिंगला बघितलं. टीव्हीवर चौघी एका पडक्या घरात अडकल्या होत्या, बाहेर विरुद्ध संघ. शेवटचाच डाव.

"बादल गेले," मी म्हणालो. "पेटी..."

तिने टीव्हीकडे एकदा बघितलं. मग माइकमध्ये म्हणाली, "रूपा, मी चालली. जिन्यावर चंदाले ठेव अन् दार सोडू नका." पलीकडून तिघींचा एकदम कालवा ऐकू आला. साधनाने वायर ओढली. टीव्ही निळा झाला. तिने लॅपटॉप बाहेर काढून माझ्या हातात दिला, चादरीनेच पेटी आतून कोरडी पुसली, आणि भाऊसिंगला म्हणाली, "चला. मी येते."

भाऊसिंगने आणि चौघांनी पेटी उचलली. आता प्रश्न आलेल्या माणसांचा होता. एरवी बादलकडे यातलं कोणी गेलं नसतं. पण कपडे बदलून, ऊन अंगावर घेऊन सगळे आलेच होते, आणि पेटी समोरून निघाली होती. एक जण तिच्यामागे चालू लागला, मग दुसरा. ललिताबाईंनी डबा उचलला. पाच मिनिटांत माझी सगळी गर्दी मागच्या गल्लीत वळली, आणि तिच्या शेपटाला मी.

गोमतीबाई दारात एकटीच बसली होती. गल्ली भरून माणसं येताना बघून ती उठून उभी राहिली. "एवढे लोक," ती साधनाला म्हणाली, "एवढे लोक आमच्या ह्यायले मानत होते?"

"हाव मावशी," साधना म्हणाली, आणि तिच्याजवळ बसली.

देह पेटीत ठेवला. रामराव सर पुढे झाले. कागद त्यांच्या हातात होता आणि तो वाया घालवणाऱ्यांतले ते नव्हेत. "शांत, मनमिळाऊ, कोणाच्या अध्यात ना मध्यात," त्यांनी सुरुवात केली. नाव तेवढं ते जागच्या जागी बदलत होते. "विज्ञानाची आस. विद्यार्थ्यांचा लाडका. शेजाऱ्यांच्या मदतीला सदैव हात पुढे." लोक माना खाली घालून ऐकत होते. मीही ऐकत होतो. भाषण सुंदर होतं, आणि ते माझं होतं.

गोमतीबाई साधनाच्या कानाशी लागली. "कोनाचं बोलून राह्यले सर? यायनं तर पोरायचा एक बॉल कधी वापस नाई देल्ला." मग सर "त्यांच्या जाण्याने ही गल्ली मुकी झाली आहे" असं म्हणाले, आणि तिथे मात्र तिने पदर तोंडाला लावला. ते वाक्य बादललाच लागू होतं. ती रडली तशी ललिताबाईही रडल्या, आणि ज्याचं नळावरून बादलशी बोलणं बंद होतं, तो मिक्सरवाला उपरण्याने डोळे टिपायला लागला.

शेवटी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. साधना माझ्या बाजूला येऊन उभी होती. तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. तिने मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून वाचलं आणि पुन्हा समोर बघायला लागली. मग ओठ न हलवता, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली,

"तिघींनी दार सोडलं नाही. आमी फायनलमध्ये गेलो."

मी चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला.

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली. "दुपारीच."

मी मुद्दाम पेटीकडे बघितलं नाही.